खाटेखालची माती

सिएना, ३ मार्च

प्रिय ओरेस्ते,

तुला पत्र लिहायला कारण लागतं, कारण विनाकारण तू कुणाला उत्तर देत नाहीस. यावेळी दोन कारणं आहेत. किरकोळ आहे ते आधी सांगते.

माझी तक्रार झाली आहे. बर्नच्या कुणा प्राध्यापकाने आमच्या सहल कंपनीला कळवलं, की बाईंचं ज्ञान उत्तम, फ्रेंच उच्चार सहन होण्याजोगे, पण मोठ्या चौकातून कॅथेड्रलकडे नेताना बाईंनी आम्हाला एकाच खाटकाच्या दुकानावरून तीनदा फिरवलं. नकाशात सरळ रस्ता दिसतो, तो का नाही घेतला? आता बर्नमध्ये जन्मलेल्या माणसाला मी काय समजावू? सरळ रस्ता 'त्यांच्या' आळीतून जातो. त्या आळीचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही, कागदावर तर लिहिणारच नाही. त्यांच्या चर्चमध्ये म्हणे फार सुंदर चित्र आहे. असेल. प्रवाशांनी विचारलं तर मी सांगते, ते दुरुस्तीला गेलंय. युद्धाच्या आधीपासून ते दुरुस्तीला गेलेलं आहे.

आता दुसरं. ते मला मासळीवालीकडून कळलं, म्हणजे माझ्या आधी अख्ख्या सिएनाला कळलं. नोरमाला दिवस गेलेत.

माझी एकुलती एक मुलगी ऑक्टोबरात मला न सांगता 'त्यांच्या' दुच्चोशी लग्न करते, नगरपालिकेच्या पायऱ्या उतरून सरळ तुझ्या शेतावर राहायला जाते, आणि तू, जन्माने आपल्या आळीचा, आपल्याच कारंज्यावर आळीचा बाप्तिस्मा घेतलेला माझा सख्खा भाऊ, त्यांना वरची खोली झाडून देतोस. हे सगळं मी गिळलं. घशात अडकलं, तरी गिळलं. पण बाळ ही वेगळी गोष्ट आहे. ते मोठं होऊन आळ्यांच्या घोडाशर्यतीच्या दिवशी गळ्यात त्यांचा रुमाल बांधून माझ्या खिडकीखालून ओरडत जाणार असेल, तर मला आत्ताच सांग, म्हणजे मी खिडकी भिंतीने बुजवून घेते.

बाळ आपल्या आळीचं झालं पाहिजे. कसं, ते तू बघ. हे घोंगडं तूच अंगावर घेतलंस.

नोरमाला मी लिहिणार नाही. तिने मला न विचारता लग्न केलं, मी तिला न विचारता गप्प बसले आहे. हिशेब बरोबर आहे.

तुझी,
इसोलिना

पोज्जोसेक्को, १२ मार्च

इसोलिनाबाईंस,

पत्र पोचलं. दोन कारणांपैकी किरकोळ कोणतं हे कळायला मला ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

नोरमा बरी आहे. हे तू विचारलेलं नाहीस, पण कागदावर जागा होती म्हणून लिहितो. सकाळी ओकते, दुपारी कच्चा कांदा आणि पाव खाते, संध्याकाळी मला शिकवते की मी वाइन कशी करावी. थोडक्यात, तुझ्यावर गेली आहे.

दुच्चो वेलींची छाटणी करतो. त्याची चूक काढायची म्हणून मी दोन दिवस त्याच्या मागून चाललो. चूक सापडली नाही, पाठ मात्र धरली. तो काम करताना त्यांच्या आळीचं गाणं गुणगुणतो. नोरमा जवळ आली की गप्प होतो, ती गेली की उरलेली ओळ पुरी करतो. 'त्यांच्या'पैकी असूनही माणूस आहे, हे मी मोठ्या नाइलाजाने मान्य केलंय.

बाळ कुठल्या आळीचं, यात मी पडत नाही. मी आळी सोडली ती ढोल ऐकून ऐकून कान किटले म्हणून. इथे द्राक्षं आहेत, रानडुकरं आहेत. रानडुकरं द्राक्षं खातात, पण कुणाची आजी कोण हे विचारत नाहीत.

एक सुचवतो. तुझ्या कंपनीला म्हणावं, सकाळी कॅथेड्रल, दुपारी कियांतीच्या टेकड्या, पोज्जोसेक्कोत वाइनची चव. हल्ली परदेशी लोक चिखल आणि म्हातारे शेतकरी बघायला पैसे मोजतात म्हणे. माझ्याकडे दोन्ही आहे. म्हणजे तू मुलीकडे आलीस असं व्हायचं नाही. कामावर आलीस असं होईल.

ओरेस्ते

सिएना, २७ एप्रिल

प्रिय ओरेस्ते,

काम म्हणून आले होते, काम करून गेले. कंपनी खूश आहे. बेल्जियमची मंडळी तर इतकी खूश आहेत की त्यांनी तुझ्या त्या आंबट वाइनला 'प्रामाणिक' म्हटलं. आंबट म्हणायला त्यांच्याकडे सभ्य शब्द नसावा.

तू नेहमीप्रमाणे मोक्याच्या वेळी चार नवऱ्यांना घेऊन तळघरात पळालास, म्हणून वर काय झालं ते तुला माहीत नाही. नोरमा पेले भरायला बाहेर आली. पोट चांगलंच दिसायला लागलंय. हातात ती भलीमोठी काचेची कुपी. मी तिच्याशी बोलत नाही हे ठरलेलं आहे, म्हणून मी बेल्जियन बायकांकडे वळले आणि फ्रेंचमध्ये म्हटलं, 'मंडळी, या भागातली जुनी समजूत आहे, की पोटुशी बाईने जड कुपी उचलू नये. अक्कल असलेल्या बायका अजून पाळतात.'

नोरमानेही त्यांच्याकडेच बघितलं. फ्रेंच तिला मीच शिकवलंय, पस्तावते आहे. ती म्हणाली, 'मंडळी, याच भागातली दुसरी समजूत आहे, की ज्या बाईला मदत करायची असते ती कुपी हातातून घेते. भाषण देत नाही.'

मग मी कुपी घेतली. मदत म्हणून नव्हे, भाषण अर्धवट राहू नये म्हणून. त्यानंतर आम्ही बेल्जियमच्या मार्फत अर्धा तास बोललो. मी त्यांना सांगितलं की इथल्या बायका सहाव्या महिन्यात लोकरीचे मोजे घालतात. तिने त्यांना सांगितलं की इथल्या काही आया मुलीची पत्रं न उघडता परत पाठवतात. एका बाईने दोन्ही गोष्टी वहीत टिपून घेतल्या. निघताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला तो आवडला नाही.

असो. मासळीवालीच्या म्हणण्याप्रमाणे दुच्चोच्या आईने, त्या ऑर्तेन्सियाने, बाळासाठी त्यांच्या रंगांचा रुमाल शिवून ठेवलाय. त्यामुळे मी हातपाय हलवणं भाग आहे. शहरातला दवाखाना तिसऱ्याच आळीत पडतो, आणि माझं नातवंड तिऱ्हाईताच्या जमिनीवर जन्माला येणार नाही. तेव्हा ते तुझ्याकडेच जन्मू दे, वरच्या खोलीत, सुईणीच्या हातून. जमिनीची व्यवस्था मी करते. आपली पणजी नवऱ्याबरोबर लिव्होर्नोला होती तेव्हा तिच्यासाठी काय केलं होतं ते तुला आठवत असेल. आपल्या चर्चमागच्या बागेतली माती पिशवी भरून गेली होती, खाटेच्या चारही पायांखाली घातली होती, आणि आजोबा लिव्होर्नोत जन्मूनही आपल्या आळीतच जन्मले.

बसचा ड्रायव्हर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून देईल. त्यात बिस्किटं नाहीत.

इसोलिना

पोज्जोसेक्को, ९ मे

इसोलिनाबाई,

डबा मिळाला. ड्रायव्हरने वाटेत एक बिस्कीट खाण्यासाठी उघडला होता, त्याच्या चेहऱ्यावरून तो अजून सावरलेला दिसत नाही.

माती बघितली. भुसभुशीत, काळी, खत घातलेली. आपल्या शर्यतीच्या घोड्याची कृपा असावी. इतकी वर्षं तो घोडा जिंकत का नाही ते आता कळलं, त्याचं सगळं बळ बागेत जातंय. माझ्या टोमॅटोंना ही माती दिली असती तर त्यांनी तुला दुवा दिला असता. पण भिऊ नकोस. खाटेला पाय चार आहेत, मातीची सोय होईल.

मोजेही मिळाले. डब्याच्या तळाशी, मातीखाली, कागदात गुंडाळून ठेवलेले. ते तू विसरून टाकलेस असं मी नोरमाला सांगितलं. तिने ते त्याच दिवशी घातले, मे महिन्याच्या उन्हात. एवढं लिहिलं तर चालेल ना?

तुझे प्रवासी पुन्हा आण. मागच्या वेळी एकाने मला विचारलं की तुमच्या सुखी जीवनाचं रहस्य काय. मी म्हटलं, माझी बहीण शहरात राहते.

ओरेस्ते

सिएना, ८ ऑगस्ट

प्रिय ओरेस्ते,

या उन्हाळ्यात मी इतक्या देशांच्या लोकांमार्फत माझ्या मुलीशी बोलले, की आता माझं कुटुंब म्हणजे राष्ट्रसंघ झालाय. मागच्या खेपेला डॅनिश होते. त्यांना कळलंच नाही, ते आपले पेल्यात बघत होते, आणि नोरमा त्यांना सांगत होती की रात्री पाठ दुखते. मी त्यांना सांगितलं, डाव्या कुशीवर झोपावं. त्यांनी माना डोलावल्या.

आता कामाचं. सोळा तारखेची शर्यत. यंदा धावणाऱ्या आळ्यांच्या चिठ्ठीत आपली आळी निघाली आहे, आणि देवाला गंमत सुचली म्हणून त्यांचीही. म्हणजे काय ते तुला सांगायला नको. नवरा एका आळीचा आणि बायको दुसरीची असेल, तर शर्यतीचे चार दिवस दोघं आपापल्या घरी. महापौरसुद्धा हे पाळतो, त्याची बायको पिशवी घेऊन आईकडे जाताना मी दरवर्षी बघते. तेव्हा दुच्चो तेराला त्याच्या आईकडे जाईल, आणि नोरमा माझ्याकडे येईल. तिला बोलावतेय असं समजू नकोस. रीत आहे. रीत मी काढलेली नाही.

तिची खोली झाडून घेतली. गादी उन्हात टाकली. तिची ती जुनी निळी उशी सापडत नव्हती, ती सापडली. ओरेस्ते, चार दिवस. मध्ये एकही बेल्जियन नाही. मी काय बोलेन ते मला माहीत नाही, आणि हे मी फक्त तुला सांगते आहे. दहा महिने झाले, मला माझी मुलगी परत हवी आहे.

तेराच्या सकाळच्या बसने पाठव. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, खड्डे चुकवेल.

इसोलिना

पोज्जोसेक्को, १३ ऑगस्ट

इसोलिना,

सकाळच्या बसमधून नोरमा उतरली नाही, संध्याकाळच्या बसमधून हे पत्र उतरेल. रागावू नकोस, म्हणजे रागाव, पण पुढचं वाचून मग.

तिचे पाय सुजलेत. सुईणीने सांगितलंय, तुमच्या रस्त्यावरून बसमध्ये बसवलंत तर बाळ बसमध्येच होईल आणि ते ड्रायव्हरच्या आळीचं धरावं लागेल. अजून दोन आठवडे आहेत म्हणते, पण जिना चढायचा नाही, उतरायचा नाही, उचलायचं काही नाही. तुझ्याकडे यायची पिशवी तिने भरून ठेवली होती. निळा झगा, मोजे. येता येणार नाही असं मी सांगितलं तेव्हा ती बाकावर बसून रडली. हे तुला लिहू नको असं तिने बजावलंय, म्हणून लिहितो.

आणि दुच्चोही गेला नाही. मी त्याला म्हटलं, 'जा बाबा, रीत आहे.' तो म्हणाला, 'मामा, रीत बायकोने आईकडे जायची आहे. ती जात नाही, तर मी कशाला जाऊ?' जन्मापासून त्याने एक शर्यत चुकवलेली नाही, गोवर आला तेव्हासुद्धा बापाच्या खांद्यावर बसून बघितली होती. आज दुपारी तो वेलींच्या टोकाला उभा होता, शहराकडे तोंड करून. वारा तिकडून होता, ढोल ऐकू येत होते. मी हाक मारली तर म्हणाला, 'रानडुकरं बघतोय.' भर उन्हात. मीही म्हटलं, बघ.

ओरेस्ते

सिएना, १५ ऑगस्ट, बसच्या ड्रायव्हरच्या हाती

ओरेस्ते,

ठीक आहे. खोली रिकामी आहे असं तिला सांगू नकोस. लिव्होर्नोहून पाहुणे आले आणि त्यांना दिली असं सांग.

लिव्होर्नोहून कुणीही आलेलं नाही.

इसोलिना

सिएना, २२ ऑगस्ट

प्रिय ओरेस्ते,

त्या सायंकाळी तू अंगणात मला विचारलंस, की तुम्ही दोघी एका गाडीतून कशा उतरलात. तेव्हा उत्तर द्यायला फुरसत नव्हती, आणि नंतर दोन दिवस इच्छा नव्हती. आता सांगते.

शर्यत सुरू व्हायला अवकाश होता. मी दरवर्षीप्रमाणे आपल्या चर्चमध्ये म्हाताऱ्यांबरोबर जपमाळ घेऊन बसले होते. प्रवाशांना मी शर्यतीचा प्रत्येक कोपरा समजावून सांगते, पण स्वतः बघायचं बळ माझ्यात नाही. दुपारी घोड्याला आशीर्वादासाठी आत आणलं होतं तेव्हा त्याने वेदीसमोर लीद टाकली होती. याहून मोठा शुभशकुन नाही, त्यामुळे सगळ्या खुशीत होत्या, आणि पाद्रीबाबांना मी ती झाडू देत नव्हते. तेवढ्यात दारात गलका झाला. आपल्या खाटकाने कुणाची तरी कॉलर धरली होती. बघते तर तुझा दुच्चो. शर्यतीच्या दिवशी, एकटा, आपल्या चर्चच्या पायरीवर. एक थप्पड बसलेली होती, गालावर चारही बोटं दिसत होती. त्याने हात वर केला नव्हता.

'रुमाल कुठाय तुझा?' मी विचारलं.

'घरी ठेवलाय. सासूबाई, नोरमाला कळा सुरू झाल्यात. सुईण चौकात शर्यत बघायला आलीय, त्या गर्दीत सापडत नाही.'

'मग तुझ्या आईला ने.'

'नोरमाने तुम्हाला आणायला सांगितलंय,' तो म्हणाला. 'दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.'

ओरेस्ते, मी उठले तेव्हा माळ हातातून पडली, ती अजून चर्चमध्येच कुठेतरी आहे.

'गाडी कुठाय?'

'आमच्या आळीत. आमच्या चर्चच्या मागे.'

'दुसरा रस्ता नाही का?'

'आहे की, तुमचा. खाटकाच्या दुकानावरून. तोवर बाळ शाळेत जाईल.'

खाटकाने कॉलर सोडली. मी गेले. त्यांच्या आळीतून, त्यांच्या झेंड्यांखालून, शर्यतीच्या दिवशी, गळ्यात आपला रुमाल. डोळे मिटून जाणार होते, पण उतार आहे, फरशी गुळगुळीत आहे. म्हणून बघावं लागलं. त्यांच्या चर्चच्या दारात म्हाताऱ्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तोंडं पांढरी, ओठ हलतायत. आपल्याच म्हाताऱ्या कुणी उचलून तिकडे ठेवल्यात असं वाटलं. त्यातली एक उठली. तीच ऑर्तेन्सिया.

'कुठे चाललास हिला घेऊन?' तिने मुलाला विचारलं. मला नाही.

'नोरमाकडे.'

ती आत गेली, हातभर चादरी घेऊन बाहेर आली आणि त्या तीनचाकी टेम्पोत मागे चढून बसली. मला हात दिला. तो घेतल्याशिवाय चढता येत नव्हतं, एवढंच.

वेशीबाहेर ऑलिव्हच्या उतारावर होतो तेव्हा घंटा सुरू झाली. शर्यत जिंकणाऱ्या आळीच्या चर्चची घंटा. दुच्चोने गाडी थांबवली नाही, पण हळू केली. तिघांनी कान दिले. आपली होती, ओरेस्ते. मी ती झोपेतसुद्धा ओळखीन. लढाई संपल्यापासून आपण जिंकलो नव्हतो, आणि जिंकलो तेव्हा मी कुठे होते? रिकाम्या कुप्यांमध्ये, त्यांच्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लावून. मी ओरडले नाही.

'तुमची,' ऑर्तेन्सिया म्हणाली.

'हो.'

थोड्या वेळाने म्हणाली, 'चांगला घोडा होता.' हे बोलणं तिला किती जड गेलं असेल ते मी जाणते, कारण मला ते जमलं नसतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. वरची खोली भट्टीसारखी तापली म्हणून नोरमा सुईणीचं न ऐकता जिना उतरून तळघरात गेलेली, आणि वर चढायला तयार नाही. बॅरलांच्या मध्ये, पोत्यांवर, तिथेच झालं. ऑर्तेन्सियाने पाय धरले, मी डोकं मांडीवर घेतलं. नोरमाने दोन वेळा मला आई म्हटलं. कळांमध्ये म्हटलं, ते धरायचं की नाही हे मला कळत नाही. नंतरचे दोन दिवस आम्ही फक्त दूध आणि लंगोट यांवर बोललो.

आता मुद्द्यावर येते. आळीच्या बैठकीत आपल्या बाळाचा, आसुंताचा विषय निघाला. काहींचं म्हणणं, बाळ खाटेवर जन्मलंच नाही, तेव्हा मातीचा संबंध नाही. मी म्हटलं, खोली तळघराच्या बरोबर वर आहे, माती वर असली काय आणि खाली असली काय. जाणत्या मंडळींना पटत आलंय. तू फक्त एवढं लिहून दे, की खाटेच्या चारही पायांखाली आपली माती होती. बैठकीत दाखवायचंय.

इसोलिना

पोज्जोसेक्को, २९ ऑगस्ट

इसोलिनाबाई,

लिहून देत नाही. कारण ते खरं नाही.

तुझा डबा आला त्याच्या आदल्याच रविवारी ऑर्तेन्सिया बसने इथे आली होती, पिठाच्या पोत्यात माती घेऊन. त्यांच्या चर्चमागच्या बागेतली. तिचीही एक पणजी होती, तीही कुठेशी परगावी बाळंत झाली होती. मी तुला सांगितलं नाही, तिलाही तुझं सांगितलं नाही. दोघींना म्हटलं, काळजी करू नका. मग नोरमा आणि दुच्चो शेतात असताना वर जाऊन दोन पायांखाली तुझी घातली, दोन पायांखाली तिची. उशाकडे तुझी, पायथ्याकडे तिची. आणि मग मला घाम फुटला. मूल कुठल्या बाजूने जगात येतं हे या वयात मला सुईणीला विचारावं लागलं. ती अजून माझ्याकडे बघून हसते.

तुझ्या नातीने आमच्यापैकी कुणालाच विचारलं नाही. ती खाली आली, माझ्या दगडगोट्यांवर. तिच्या खाली ना तुझी माती होती ना ऑर्तेन्सियाची, द्राक्षांची पोती होती.

काल मी खोली झाडली. दोन्ही माती एका घमेल्यात आली, अंगणात खड्डा खणून त्यात ओतली आणि वेल लावला. तीन वर्षांनी द्राक्षं येतील. दोघी या आणि आपापली माती वेगळी करून न्या.

आणखी एक. तू मला सहा महिन्यांत जेवढं लिहिलंस तेवढं आयुष्यात लिहिलं नव्हतंस. त्यातलं एकही अक्षर माझ्यासाठी नव्हतं. मोजे, कूस, उशी, सगळं मीच वाचून दाखवलं, आणि ती 'आता पुढे काय लिहिलंय' म्हणून समोर बसायची. मला चष्मा लागलाय, मी थकलो. ती याच घरात राहते, पोस्टमन तोच आहे. पाकिटावरचं नाव बदललं की झालं.

ओरेस्ते

सिएना, ७ सप्टेंबर

प्रिय नोरमा,

तुझा मामा म्हणतो, पाकिटावरचं नाव बदललं की झालं. त्याचं आयुष्य सोपं गेलंय. तुझं नाव लिहिलेलं हे पाकीट तीन दिवस टेबलावर पडून होतं, आणि मी त्याच्याभोवती फिरून स्वयंपाक करत होते.

तू मला लग्नाआधी विचारलं नाहीस, कारण मी काय उत्तर देईन ते तुला ठाऊक होतं. ते उत्तर चुकीचं होतं. तू पाठवलेली पत्रं मी परत केली, तेही. हे बेल्जियन बायकांना सांगणं सोपं गेलं असतं, पण हंगाम संपला.

दुच्चोच्या गालाचं कसं आहे? आपला खाटीक त्याला मांस पाठवणार आहे. माफी म्हणून नव्हे, जास्त झालंय म्हणून, असं त्याने मला दोनदा सांगितलं. घ्या.

आसुंता कुठल्या आळीची, हे मी विचारणार नाही. बैठकीत मी सांगितलं की माझ्या भावाने दगाफटका केला आहे आणि विषय बंद करावा. पुढच्या शर्यतीला तू रीतीप्रमाणे माझ्याकडे ये, दुच्चो त्याच्या आईकडे जाईल. बाळाचं काय, ते मी आणि ऑर्तेन्सिया बघून घेऊ. दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे. ऐन शर्यतीच्या वेळी कुणाकडे, यावर आमचं भांडण होईल, पण त्याला अजून वर्ष आहे.

मुख्य म्हणजे हे सांगायचं होतं. आज माझ्याकडे बर्नचे लोक होते. पुन्हा तक्रार नको म्हणून मी त्यांना सरळ रस्त्याने नेलं. फार जवळ पडतं, कबूल करायला हरकत नाही. ते चित्रही दाखवलं. दुरुस्तीहून परत आलंय म्हणून सांगितलं. खरोखरच सुंदर आहे, मला राग आला.

बाहेर आलो तर ऑर्तेन्सिया खिडकीत. मी तिला नमस्कार केला नाही, तिने मला केला नाही. ती वरूनच म्हणाली, 'दूध पुरतंय का पोरीला?' मी म्हटलं, 'पुरतंय.' ती आत गेली. आमच्या गटातल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, या आळीचं नाव काय? ते काही माझ्या तोंडून येणार नाही, एवढी अपेक्षा माझ्याकडून ठेवू नकोस. मी तिला सांगितलं, इथे माझ्या नातीची आजी राहते.

तुझी,
आई